हाडं आणि मसल्स ऑनलाइन शिकायचेत? फर्स्ट इयरवाल्यांनी कुठून सुरुवात करायची

ॲडमिशन झालं, ॲप्रन शिवून आला, आणि पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सीनियर ग्रुपवर ॲनाटॉमीच्या लिंकांचा ढीग टाकतो. मग त्यातल्या सगळ्या सेव्ह होतात, एकही नीट उघडली जात नाही, आणि पार्ट कम्प्लिशनच्या (एक भाग शिकवून झाला की होणाऱ्या परीक्षेच्या) आदल्या रात्री सगळे परत बीडीसी (चौरसियांचं ॲनाटॉमीचं पुस्तक) घेऊन बसतात. मी फिजिओथेरपीवाली, त्यामुळे हाडं, सांधे, मसल्स हे माझं रोजचं काम, आणि ज्युनियर्स दरवर्षी तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच लिहून टाकते. एमबीबीएस, बीपीटीएच, बीएएमएस, बीएचएमएस, नर्सिंग, कुणालाही चालेल, फक्त आपापल्या सिलॅबसप्रमाणे खोली कमीजास्त करा.

एक गोष्ट आधीच क्लिअर करते. ऑनलाइन साधनं भरपूर आहेत आणि चांगली पण आहेत, पण प्रत्येक साधन एकाच कामाचं असतं. वाचायची जागा वेगळी, फिरवून बघायची वेगळी, स्वतःला तपासायची वेगळी. एकाच ॲपकडून सगळं होईल म्हणून बसलात तर काहीच होत नाही.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- तुमच्या कोर्सचा सिलॅबस, म्हणजे अधिकृत पीडीएफ, कुणाच्या नोट्समधला फोटो नाही
- कॉलेजने सांगितलेलं पुस्तक, जे असेल ते
- बोन सेट, फायबरचा किंवा प्लास्टिकचा, हाफ सेट पुरतो (एका बाजूचे हात-पाय, कवटी, मणके वगैरे), रूममेटबरोबर शेअर केलात तरी चालेल
- फोन चालतो, पण थ्रीडीसाठी लॅपटॉप किंवा टॅब मिळाला तर डोळे वाचतात
- कॉलेजचा ईमेल आयडी किंवा आयकार्डचा स्कॅन, स्टुडंट डिस्काउंट आणि लायब्ररी लॉगिनला लागतो
- लाल आणि निळी पेन्सिल, आणि एक आयब्रो पेन्सिल (कशाला ते पुढे येईल)

बोन सेटबद्दल एक सांगायचं राहतं. खरी हाडं "स्वस्तात मिळतायत" असं कुणी सांगितलं तर त्या भानगडीत पडू नका. भारतातून एकेकाळी जगभर मानवी सांगाडे जायचे, १९८५ मध्ये सरकारने ती निर्यात बंद केली. आपल्याकडे कॉलेजांना बॉडी मिळते ती १९४९ च्या ॲनाटॉमी कायद्याच्या वाटेने आणि देहदानातून. खरं हाड हाताळायचं असेल तर डिपार्टमेंटमध्ये बोन इश्यू करून मिळतं का ते विचारा, बऱ्याच ठिकाणी मिळतं, अटेंडंट मामांशी नीट बोललात की झालं.

१. आधी सिलॅबस, मग सर्च

सरळ गुगलवर ह्युमरस (दंडाचं हाड) टाकलं की शाळेच्या पोरांपासून ऑर्थोपेडिक सर्जनपर्यंत सगळ्यांसाठीचं मटेरियल एकत्र समोर येतं, आणि नवीन माणसाला कळतच नाही की आपल्याला यातलं किती पाहिजे. म्हणून आधी सिलॅबस उघडा.

एमबीबीएसवाल्यांचं सोपं आहे. नॅशनल मेडिकल कमिशनच्या कॉम्पिटन्सी यादीत प्रत्येक टॉपिकला नंबर आहे. २०१९ च्या यादीत एएन ८ म्हणजे हाताची हाडं, एएन १४ पायाची, एएन २६ कवटी, एएन ५० पाठीचा कणा. एएन ८.१ मध्ये काय लिहिलंय बघा: दिलेलं हाड ओळखा, बाजू सांगा, महत्त्वाचे फीचर्स दाखवा, ॲनाटॉमिकल पोझिशनमध्ये धरा. ऑस्टिऑलॉजीची (हाडांच्या अभ्यासाची) अर्धी व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, याच ओळीत आहे. बाकीच्यांनी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या साइटवरून आपल्या कोर्सचा सिलॅबस काढा आणि त्यातल्या हाडांची-मसल्सची नावं एका पानावर उतरवा. या पानावर जे नाही ते पहिल्या वर्षी बघायचं नाही, कितीही भारी व्हिडिओ असला तरी.

बीएएमएसवाल्यांना रचना शारीरमध्ये (त्यांचा ॲनाटॉमीचा विषय) हाडांचे दोन हिशेब सांभाळावे लागतात, आयुर्वेदाचा आणि मॉडर्न. चरक ३६०, सुश्रुत ३००, मॉडर्न २०६. चरकाने दात आणि नखंही मोजलीत, सुश्रुताच्या कपाल, रुचक, तरुण, वलय, नलक या पाच प्रकारांत रुचक म्हणजे दात आणि तरुण म्हणजे आपण ज्याला कार्टिलेज म्हणतो ते. इंग्रजी साइटवर यातलं काही सापडणार नाही, तेव्हा ऑनलाइन शोध फक्त मॉडर्न भागापुरता ठेवा.

२. वाचायला एकच जागा ठरवा

फुकट आणि भरवशाच्या दोन जागा सांगते, दोन्ही घेऊ नका, एक निवडा.

ओपनस्टॅक्सचं ॲनाटॉमी अँड फिजिऑलॉजी हे अमेरिकेतल्या राइस युनिव्हर्सिटीचं पुस्तक, पूर्ण पीडीएफ कायदेशीरपणे फुकट. चॅप्टर ६ ते ११ आपले: हाडाचा टिश्यू, ॲक्सियल स्केलेटन, अपेंडिक्युलर, सांधे, मसल टिश्यू, मस्क्युलर सिस्टिम. भाषा एकदम सोपी आहे, मराठी मीडियममधून आलेल्यांना तर मी हेच सांगते, कारण बीडीसीची वाक्यं पहिल्यांदा वाचताना अंगावर येतात. पण हे पुस्तक आपल्या परीक्षेच्या खोलीचं नाही हे लक्षात ठेवा. हाडाच्या प्रत्येक बॉर्डरला काय चिकटतं, कुठल्या सरफेसशी कशाचं रिलेशन, ते इथे मिळणार नाही. नर्सिंगला आणि पायाभूत समज यायला मस्त, एमबीबीएसला एकट्यावर भागत नाही.

दुसरी टीचमीॲनाटॉमी. रीजनप्रमाणे मांडलेली साइट, प्रत्येक हाडाचं वेगळं पान, लँडमार्क्स, कुठल्या हाडाशी जोड, आणि खाली क्लिनिकल रेलेव्हन्स. जाहिराती येतात, चालवून घ्या. उदाहरण म्हणून ह्युमरसचं पान बघा. सर्जिकल नेकजवळून ॲक्झिलरी नर्व्ह, रेडियल ग्रूव्हमधून रेडियल नर्व्ह, मीडियल एपिकॉन्डाइलच्या मागून अल्नर नर्व्ह. म्हणजे हाड कुठे मोडलं यावरून कुठली नर्व्ह गेली असेल ते सांगता येतं. एका हाडात तीन नर्व्हज आणि तीन फ्रॅक्चर, आणि व्हायवात हाच प्रश्न येतो, फक्त शब्द फिरवून.

केनहब पण चांगलं आहे, चित्रं सुंदर, पण थोडं पुढे गेलात की पैसे मागतं. क्विझसाठी वापरा, वाचनाला नको.

नावांचा एक लोचा आहे, सर्च करताना डोकं खातो. पुस्तकात पेरोनियस लाँगस, साइटवर फिब्युलॅरिस लाँगस, मसल एकच. १९९८ च्या आंतरराष्ट्रीय नामावलीनंतर परदेशी साइट्सनी नवी नावं धरली, आपल्या पुस्तकांत आणि ओपीडीत जुनीच चालतात. काही सापडलं नाही तर दुसरं नाव टाकून बघा. परीक्षेत तुमच्या मॅडम जे म्हणतात ते म्हणा.

३. हाड हातात, मॉडेल समोर

ही स्टेप सगळ्यात महत्त्वाची आणि सगळे हीच गाळतात. स्क्रीनवर हाड ओळखता येतं, पण परीक्षेत टेबलावर हाड ठेवतात आणि सांगतात धरा, उजवं की डावं सांगा. ते बोटांना माहीत असावं लागतं, डोळ्यांना माहीत असून भागत नाही.

स्केचफॅब नावाची साइट आहे, तिथे खऱ्या हाडांचे सीटी स्कॅनवरून किंवा फोटोंवरून बनवलेले थ्रीडी मॉडेल्स बघायला फुकट मिळतात. डंडी युनिव्हर्सिटीसारख्या संस्थांनी टाकलेले शोधा, कुणीही हौशी माणसाने गेमसाठी बनवलेला सांगाडा उघडू नका, तो दिसायला गुळगुळीत असतो आणि त्याच्यावर एकही ट्युबरकल (हाडावरचा उंचवटा) जागेवर नसतो. हे महत्त्वाचंय, कारण हाडावरचा खडबडीतपणा म्हणजेच आपला अभ्यास, मसल आणि लिगामेंट जिथे ओढतात तिथेच हाड उठलेलं असतं.

क्लॅव्हिकल, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड, घेऊन करून दाखवते, तशीच बाकीची करा.

हातात घ्या. एक टोक जाड, चौकोनी-गोलसर, ते छातीच्या मधल्या बाजूला, मीडियल. दुसरं चपटं, ते खांद्याकडे, लॅटरल. आता अंगठ्याने पृष्ठभाग चाचपा, वरचा जरा सपाट-गुळगुळीत, खालचा खडबडीत आणि त्याच्या मधल्या भागात एक लांबट खाच, सबक्लेव्हियन ग्रूव्ह. खाच जमिनीकडे करा. आता वाक बघा, मीडियल दोन तृतीयांश भागाचा फुगवटा पुढे यायला पाहिजे आणि लॅटरल भाग मागे वाकायला पाहिजे. तिन्ही गोष्टी जुळवून हाड स्वतःच्या गळ्याखाली धरा, जाड टोक स्टर्नमला (छातीच्या मधल्या हाडाला) लावून. ज्या बाजूला नीट बसतं ती बाजू. आता हाड खाली ठेवा आणि स्वतःची क्लॅव्हिकल चाचपा, गळ्याच्या खळगीपासून खांद्याच्या टोकापर्यंत, पूर्ण कातडीखालीच आहे, वाक बोटाला कळतो. आणि मग फोनवरचं मॉडेल असं फिरवा की ते तुमच्या हातातल्या हाडासारखंच दिसेल. उलटं नाही करायचं, आधी हात मग स्क्रीन.

क्लॅव्हिकलबरोबर व्हायवाचे दोन-तीन ठरलेले प्रश्न येतात ते इथेच उरकून घ्या: गर्भात सगळ्यात आधी ऑसिफाय व्हायला (पक्कं हाड बनायला) लागणारं हाड, आडवं असणारं एकमेव लाँग बोन, आणि मेंब्रेनमध्ये ऑसिफाय होणारं लाँग बोन.

फिब्युला (पोटरीतलं बाहेरच्या बाजूचं बारीक हाड) सगळ्यांना रडवतं. त्याचं गणित एवढंच: चपट्या टोकावर, म्हणजे लॅटरल मॅलिओलसवर, एक त्रिकोणी गुळगुळीत फॅसेट असते आणि तिच्या शेजारी एक खड्डा, मॅलिओलर फॉसा. मॅलिओलस खाली, फॅसेट आतल्या बाजूला, खड्डा मागे. बाजू आली. वरच्या टोकाच्या भानगडीत पडूच नका.

मॉडेल अपलोड करणाऱ्यांनी डाव्याला उजवं लिहिलेलं किंवा मॉडेल मिरर केलेलं असू शकतं. म्हणून लेबल वाचण्याआधी वरच्या नियमाने स्वतः बाजू काढा. जुळलं नाही तर पुस्तक उघडा.

४. थ्रीडी ॲप कधी उघडायचं

हाडं सुटी कळली की ती एकत्र कशी बसतात आणि त्यावर मसल्सचे थर कसे येतात यासाठी थ्रीडी. त्याआधी उघडलंत तर नुसतं रंगीत काहीतरी फिरवत बसाल, तासभर जातो आणि अभ्यास झाल्यासारखं वाटतं.

फुकटात सगळ्यात जास्त देणारं म्हणजे झेड-ॲनाटॉमी, ओपन सोर्स आहे, जपानमधल्या बॉडीपार्ट्सथ्रीडी या डेटावर बनवलेलं. लॅपटॉपवर चांगलं चालतं, सुरुवातीला किचकट वाटतं, दोन-तीन दिवस द्या. ब्राउझरमध्येच चालणारं हवं असेल तर झायगोट बॉडी, किंवा बायोडिजिटल, त्याच्या फुकट अकाउंटला मर्यादा आहे. कम्प्लीट ॲनाटॉमी आणि व्हिजिबल बॉडी ही पैशांवाली, दोन्ही उत्तम, पण आधी कॉलेजच्या लायब्ररीत विचारा, कॉलेजने लायसन्स घेतलेलं असतं आणि पोरांना पत्ताच नसतो. व्हर्च्युअल डिसेक्शन टेबल असेल तर तेही, बऱ्याचदा ते इन्स्पेक्शनपुरतं झाकून ठेवलेलं असतं, मागितलं की मिळतं.

वापरायची पद्धत: एक सांधा निवडा, समजा खांदा. सगळं लपवा, फक्त स्कॅप्युला (खांद्याचं फऱ्याचं हाड) आणि ह्युमरस ठेवा. मग एकेक मसल चालू करा आणि तो चालू व्हायच्या आधी तोंडाने बोला की कुठून कुठे जाणार. सुप्रास्पायनॅटस, इन्फ्रास्पायनॅटस, टेरिस मायनर तिघं ग्रेटर ट्युबरकलवर वरून खाली ओळीने, सबस्कॅप्युलॅरिस एकटा लेसर ट्युबरकलवर. मग बायसिपिटल ग्रूव्ह: बाहेरच्या काठावर पेक्टोरॅलिस मेजर, आतल्या काठावर टेरिस मेजर, मध्ये तळाला लॅटिसिमस डॉर्साय. दोन मेजरांच्या मध्ये लेडी, सगळ्या कॉलेजात हेच पाठ करतात.

ॲपमधलं शरीर एकच असतं, माणसं तशी नसतात. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट जरा वाकवा, मनगटाच्या मध्यभागी एक दोरी उठते, ती पामॅरिस लाँगसची. वर्गात सगळ्यांना करायला सांगा, कुणाकडे दिसेल, कुणाकडे नाही, कुणाकडे एकाच हाताला. ॲपमध्ये मात्र तो नेहमी हजर.

५. जुनी चित्रं फुकट आहेत, वापरा

ग्रेज ॲनाटॉमीची १९१८ ची अमेरिकन आवृत्ती कॉपीराइटमधून सुटलेली आहे, पूर्ण मजकूर बार्टलबीवर आणि चित्रं विकिमीडिया कॉमन्सवर आहेत. हजाराच्या वर चित्रं, नोट्समध्ये छापा, फाइलला चिकटवा, त्यावर रंगवा, कुणी विचारणार नाही.

या चित्रांची गंमत अशी की नावं बाहेर बाण काढून न लिहिता जमेल तिथे हाडावरच लिहिलेली आहेत, मसल जिथे चिकटतो तिथे रेषा आखून. नजर इकडेतिकडे जात नाही, जागा आणि नाव एकत्र डोक्यात बसतात. ही कल्पना मूळ १८५८ च्या पुस्तकाच्या चित्रकाराची, हेन्री व्हँडाइक कार्टरची. पुस्तक छापून आलं त्याच वर्षी हा माणूस मुंबईत आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमी शिकवली, साताऱ्यात सिव्हिल सर्जन होता, कुष्ठरोगावर काम केलं, पुढे ग्रँटचा प्रिन्सिपॉल पण झाला. नाव मात्र पुस्तकाला लागलं ग्रे साहेबांचं. जेजेवाल्यांनो (ग्रँट म्हणजे तुमचंच कॉलेज), हे व्हायवात सांगून मार्क मिळणार नाहीत, पण सांगा.

कॅप्शन मात्र न चुकता वाचा. ह्युमरस डावा काढलाय आणि फीमर उजवा, एकाच पुस्तकात. फोटो कॉपी करताना कॅप्शन गाळलंत तर पाठांतरच उलटं होतं. आणि मजकूर शंभर वर्षांहून जुना आहे, चित्रं घ्या, फिजिऑलॉजी आणि क्लिनिकल नका घेऊ.

६. मसल्स: पाठांतराआधी गट पाडा

सहाशेच्या वर मसल्स आहेत आणि प्रत्येकाचे चार कॉलम, ओरिजिन, इन्सर्शन, नर्व्ह सप्लाय, ॲक्शन. हे सुटंसुटं पाठ करायला बसलात तर संपत नाही. कंपार्टमेंटने धरा, म्हणजे मसल्सचा एक गट आणि त्याची एक नर्व्ह. दंडाचा पुढचा भाग मस्क्युलोक्युटेनियस, मागचा रेडियल. मांडीचा पुढचा फिमोरल, आतला ऑब्ट्युरेटर, मागचा सायॅटिक. फोरआर्मचा पुढचा भाग मीडियन, अपवाद फ्लेक्सर कार्पाय अल्नॅरिस आणि फ्लेक्सर डिजिटोरम प्रोफंडसचा आतला अर्धा, ते अल्नरकडे. नर्व्हचा कॉलम असा जवळपास फुकटात भरतो, अपवाद तेवढे लाल पेनने लिहायचे, कारण प्रश्न अपवादांवरच येतो.

गेटबॉडीस्मार्ट ही साधी दिसणारी फुकट साइट, एकेक मसल वेगळा करून दाखवते आणि क्विझ आहेत, मसल्सला मी हीच सांगते. व्हिडिओत स्वॉन्सी युनिव्हर्सिटीचे सॅम वेब्स्टर यांचं चॅनेल, माणूस हातात मॉडेल घेऊन गप्पा मारल्यासारखं शिकवतो, घाई नसते. ॲनाटॉमीझोन थ्रीडीवर शांतपणे समजावतं. लायब्ररीत ॲक्लंडचा व्हिडिओ ॲटलास मिळत असेल तर सोडू नका, खऱ्या स्पेसिमेनवर एकेक टेंडन ओढून दाखवलंय, विकत घ्यायला महाग आहे. यूट्यूबच्या ऑटो सबटायटल्सवरून नोट्स काढायच्या नाहीत, स्पेलिंगची पार वाट लागलेली असते. व्हिडिओ बघताना पेन्सिल हातात पाहिजे: ग्रेच्या छापलेल्या हाडावर ओरिजिन लाल, इन्सर्शन निळं. व्हिडिओ संपला आणि कागद कोरा असेल तर तो व्हिडिओ बघितला नाही असं समजा.

आता आयब्रो पेन्सिल. रूममेटच्या हातावर, पायावर मसल काढा. हसतील, हसू द्या. फिजिओवाल्यांना तर पुढे हेच करायचंय. काढून झालं की ॲक्शन करून घ्या:

बायसेप्स म्हणजे कोपर वाकवणारा एवढंच सगळ्यांना माहीत असतं. कोपर काटकोनात ठेवा, तळहात खाली, दुसऱ्या हाताने दंड धरा आणि तळहात वर फिरवा, स्क्रू पिळल्यासारखा. बायसेप्स कडक होतो. सुपिनेशन त्याचं मोठं काम आहे, हे एकदा हाताला कळलं की रेडियल ट्युबरॉसिटीवर इन्सर्शन का आहे ते वेगळं पाठ करावं लागत नाही.

बोटांचं पण करा. बाकीची तीन बोटं सरळ दाबून धरा आणि चौथ्याला मधल्या सांध्यात वाकवायला सांगा, वाकलं ते सुपरफिशियालिसने. मग मधला सांधा धरून फक्त टोक वाकवायला सांगा, ते प्रोफंडसने. ओपीडीत टेंडन तुटलाय का ते असंच बघतात.

मनगटाच्या करंगळीच्या बाजूला वाटाण्याएवढं हाड लागतं, पिसिफॉर्म. मनगट सैल सोडा, ते इकडेतिकडे हलतं. मूठ आवळून मनगट वाकवा, घट्ट होतं, कारण फ्लेक्सर कार्पाय अल्नॅरिस त्याला ओढतोय.

७. एक्स-रे पहिल्या वर्षीच बघा

सीनियर म्हणतील थर्ड इयरला बघू, ऐकू नका, प्रॅक्टिकलला प्लेट असते. रेडिओपीडिया ही साइट २००५ पासून आहे, ऑस्ट्रेलियन रेडिओलॉजिस्ट फ्रँक गेलार्ड यांनी सुरू केलेली, केसेस फुकट बघता येतात. सर्च करताना नॉर्मल हा शब्द आधी टाका, मग सांध्याचं नाव, नाहीतर एकदम फ्रॅक्चर आणि ट्युमर समोर येतात आणि नॉर्मल कसं दिसतं तेच कळत नाही.

छातीची किंवा पेल्व्हिसची प्लेट बघताना पेशंट तुमच्याकडे तोंड करून उभा आहे असं धरतात, म्हणजे त्याची उजवी बाजू तुमच्या डाव्या हाताला.

लहान मुलांच्या प्लेटमध्ये हाडाच्या टोकाशी काळी रेघ दिसते, ती फ्रॅक्चर नाही, ग्रोथ प्लेट आहे, कार्टिलेज एक्स-रेत दिसत नाही म्हणून फट वाटते. कोपराची ऑसिफिकेशन सेंटर्स ओळीने येतात: कॅपिट्युलम, रेडियल हेड, मीडियल एपिकॉन्डाइल, ट्रॉक्लिया, ओलेक्रेनन, लॅटरल एपिकॉन्डाइल, साधारण १, ३, ५, ७, ९, ११ वर्षांना, मुलींमध्ये जरा आधी. स्कॅफॉइडची, म्हणजे मनगटातल्या अंगठ्याच्या बाजूच्या हाडाची, पण एक प्लेट बघून ठेवा. त्याचा रक्तपुरवठा मुख्यतः बोटांकडच्या टोकाकडून उलटा येतो, म्हणून मधून मोडलं की फोरआर्मकडचा तुकडा उपाशी मरतो. हा प्रश्न यादीत आहे, एएन ८.६.

८. स्वतःला तपासा

ॲन्की, फ्लॅशकार्डचं ॲप. कॉम्प्युटरवर फुकट, अँड्रॉइडवर ॲन्कीड्रॉइड फुकट, आयफोनवर एकदाच पण बऱ्यापैकी पैसे. सारख्याच नावाची नकली ॲप्स स्टोअरवर आहेत, मंथली पैसे मागत असेल तर ते ॲन्की नाही. यात इमेज ऑक्लूजन म्हणून सोय आहे, चित्रातली नावं झाकायची आणि एकेक ओळखायचं, ऑस्टिऑलॉजीला याहून चांगलं काही नाही. तुमच्या डिपार्टमेंटच्या बोनचा, परवानगी असेल तर, फोटो काढून कार्ड बनवा, परीक्षेत तेच हाड येतं, त्याच्या तुटक्या कोपऱ्यासकट. अमेरिकन पोरांचे तयार डेक (कार्डांचे गठ्ठे) उतरवू नका, ते त्यांच्या परीक्षेसाठी आहेत, आपल्या व्हायवातल्या अटॅचमेंट्स त्यात अर्ध्याही नसतात.

परवानगी हा शब्द मुद्दाम लिहिलाय. डिसेक्शन हॉलमध्ये बॉडीचा फोटो काढायचा नाही, रील तर नाहीच. कुणीतरी विश्वासाने देह दिलेला असतो. कॉलेजं यावर सरळ कारवाई करतात आणि करायलाच पाहिजे.

एआय चॅटला प्रश्न विचारायला लावा, उत्तरं मात्र पुस्तकात तपासा, नर्व्ह सप्लाय अगदी ठामपणे चुकीचा सांगतात. आणि एआयने काढलेली सांगाड्याची चित्रं नोट्समध्ये घेऊच नका, कार्पल हाडांचा नुसता चिवडा असतो.

स्पॉटिंगची (टेबलावर ठेवलेलं बघून ओळखायच्या परीक्षेची) तयारी दोघांनी करा. एकाने पिशवीत हाड ठेवायचं, दुसऱ्याने न बघता हात घालून हाड, बाजू आणि हाताला लागलेला एक फीचर सांगायचा. वेळ लावून.

९. पैसे आणि पीडीएफ

पहिलं वर्ष पूर्ण फुकट साधनांवर निघतं. तरी घ्यायचंच असेल तर एकच सबस्क्रिप्शन, तेही ट्रायल वापरून, परीक्षेआधीच्या दोन-तीन महिन्यांपुरतं. वार्षिक प्लॅन "सत्तर टक्के ऑफ" दिसतो, तो वर्षभर तसाच दिसत असतो.

टेलिग्रामवरचे "फुल अनलॉक" ॲपचे एपीके (स्टोअरबाहेरच्या ॲप फाइल्स) फोनमध्ये टाकू नका. त्याच फोनवर तुमचं यूपीआय असतं आणि घरून आलेली मेसची फी पण त्यातच असते. चोरीच्या पीडीएफमध्ये पानं गाळलेली आणि जुनी आवृत्ती असते हा वेगळाच ताप. पुस्तक महाग वाटत असेल तर पास झालेल्या बॅचकडून सेकंडहँड घ्या, लाल-निळ्या खुणा आयत्या मिळतात, फक्त त्या बरोबर आहेत का तेवढं बघून घ्या.

ट्रायल सुरू करताना कार्ड किंवा यूपीआय ऑटोपे जोडावं लागतं. संपायच्या दोन दिवस आधीचा रिमाइंडर त्याच मिनिटाला लावा. ॲप फोनमधून काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही, प्ले स्टोअरच्या पेमेंट्समध्ये जाऊन ते वेगळं कॅन्सल करायचं, आणि यूपीआय ॲपच्या ऑटोपे यादीत पण ते गेलंय का ते बघायचं.